उड्डीनमान : माकडाची उडी आणि वर्गसमीकरण

उडीची उंची गणिताने काढण्याचा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यातल्या ‘लीलावती’त दोन माकडांचे उदाहरण आहे. झाड १०० हात उंच, तळे २०० हात दूर. एक माकड झाडावरून उतरून तळ्याशी जाते. दुसरे शेंड्यावरून सरळ वर उडी घेते आणि तिथून कर्णरेषेने तळ्यावर येते. दोघांची वाटचाल सारखी, तर उडी किती? उत्तर ५० हात. या उंचीला आचार्यांचा शब्द ‘उड्डीनमान’.

हे उदाहरण सोडवताना दोन्ही बाजूंचे वर्ग उडून जातात आणि साधे एकघाती समीकरण उरते. त्यात अंतर आहे, काळ नाही.

काळ आणला गॅलिलिओने. पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याच्या १६३८च्या ग्रंथात आले. आजच्या मापांत उंची म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले काळ, वजा ४.९ गुणिले काळाचा वर्ग. हे झाले वर्गसमीकरण.

व्हॉलीबॉलची एखादी खेळाडू ०.६ सेकंद हवेत राहिली असे धरू. तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला २.९४ मीटर आणि उडी ४४ सेंटिमीटर निघते. ती २४.५ सेंटिमीटरवर कधी होती? उत्तरे दोन : ०.१ आणि ०.५ सेकंद. ‘बीजगणिता’तल्या माकडांच्या दुसऱ्या एका उदाहरणात आचार्यांनाही ५० आणि ५ अशी दोन उत्तरे मिळाली होती. ५ धरले तर माकडांची संख्या मध्येच ऋण होते आणि लोकांना ते पटत नाही, म्हणून त्यांनी ते सोडले. इथे दोन्ही उत्तरे खरी आहेत, एक वर जातानाचे, एक खाली येतानाचे. म्हणजे दोन तृतीयांश वेळ ती निम्म्याहून अधिक उंचीवर असते. स्मॅश मारणारी हवेत थांबल्यासारखी दिसते ती यामुळेच.

अमेरिकेतील डडली सार्जंट यांनी १९२१ साली उभ्या उडीची चाचणी मांडली. ती आजही भिंतीवर खडूची खूण करून घेतली जाते; पण त्यात हात किती ताणला यावर बरेच अवलंबून असते. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल असेल, तर पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतची चित्रे मोजावीत. १४४ चित्रे म्हणजे ०.६ सेकंद. या काळाच्या वर्गाला १.२२५ने गुणले की उडी मीटरमध्ये मिळते. अट एकच, उतरताना गुडघे सरळ हवेत. वाकवले तर काळ वाढतो आणि उडी खोटीच उंच दिसते.

पुसद-वणीकडच्या शाळेत महागडे यंत्र नसेल. पण निवड चाचणीत एखाद्या पोरीची उडी केवळ डोळ्यांच्या अंदाजावर बाद होऊ नये, एवढे हे नववी-दहावीचे गणित नक्की करू शकते.