जुन्या वाड्यासाठी बंब की चुलाण?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. बेळगाव-निपाणी भागात हिवाळ्यात पहाटेचा गारवा बोचरा असला, तरी घर तापवण्याची रीत नाही. तापवले जाते ते स्नानाचे पाणी. जुन्या मोठ्या घरांत त्यासाठी दोन साधने आढळतात.

चुलाण : न्हाणीघरातील मातीविटांच्या चुलीवर तांब्याचा हंडा बसवलेला असतो. जाड लाकडे आणि शेणीही चालतात. मोठ्या कुटुंबाचे पाणी एकदम तापते. मात्र जळण अधिक लागते आणि धूरही अधिक होतो.

बंब : तांब्याच्या किंवा पितळेच्या उभ्या पिंपात मधोमध नळी असते. नळीत जळण, तिच्याभोवती पाणी. त्यामुळे उष्णता फारशी वाया जात नाही. ढलप्या, करवंट्या, कोळसा यांवर काम भागते. बंब रिकामा मात्र कधीही पेटवू नये; डाक सुटून तो गळू लागतो.

घरातील माणसे आणि हाताशी असलेले जळण पाहून निवड करावी; परंतु त्याआधी जागा पाहावी. बंद न्हाणीत निखारे धुमसत राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, गंध नाही. तो प्राणघातक ठरू शकतो. धूर दिसत नाही म्हणून कोळशाचा बंब निर्धोक समजू नये. चुलाणाला धुराडे असावे. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत पेटवावा आणि आत न्यावे ते केवळ पाणी.