भूक आणि मंत्रचळ

सोलापूरकरांना भुकेचा इतिहास नवा नाही. १८७६-७७ साली दख्खनवर दुष्काळ कोसळला, तेव्हा आपला जिल्हा त्यात होरपळून निघाला. दुष्काळी कामावर राबणाऱ्या माणसाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले. ते पुरत नाही, हे मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडून सांगितले. आम्ही कामगार चळवळीतील माणसे तो संप आमच्याच घराण्यातला मानतो.

पण आज ज्या भुकेविषयी आम्ही बोलणार आहोत, ती निराळी आहे. घरात ज्वारीचे पोते उभे आहे, भाकरी ताटात वाढलेली आहे, आणि खाणारा खात नाही. किंवा खातो आणि कोणी पाहत नाहीसे बघून ओकून टाकतो. वैद्यकात यांना खाण्याचे विकार म्हणतात. दुसरा विकार आपल्या भाषेला फार दिवसांचा ठाऊक आहे, तो मंत्रचळ. हात पुन:पुन्हा धुणे, कडी दहादा तपासणे, एखादा नको तो विचार मनातून न जाणे, ही त्याची लक्षणे. हे दोन्ही विकार एकाच माणसात भेटणे दुर्मिळ नाही. अशा माणसावर उपचार कसे होत आले, त्याचा हा इतिहास आहे.

लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात कसलाही ताप नसता केवळ न खाऊन झिजलेल्या एका मुलीची हकिकत आहे. पुढे १८७३ साली पॅरिसला लासेग आणि लंडनला सर विल्यम गल यांनी या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. ‘अॅनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचे. या रोग्यांना आप्तांइतके वाईट शुश्रूषक दुसरे कोणी नाहीत, असे त्यांचे मत होते. पॅरिसचे शार्को तर मुलीला घरापासून तोडल्याशिवाय उपचारच सुरू करीत नसत. आईबापांना दाराबाहेर ठेवणे हा पुढील पुष्कळ वर्षांचा रिवाज झाला.

दोन विकारांची गाठ प्रथम स्पष्टपणे पाहिली ती पिएर जाने यांनी. मंत्रचळावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०३ चा. त्यात ‘नादिया’ या नावाने एका तरुणीची कथा आहे. ती खात नसे, पण तिला भूक मेल्याची तक्रार नव्हती. भूक लागे, कधी ती अधाशासारखी खाईही. परंतु आपण लठ्ठ होऊ आणि लोकांत लाज जाईल, हा एकच विचार तिला पछाडून असे. हा नुसता पोटाचा रोग नव्हे, मनात रुतलेल्या विचाराचा आहे, हे जाने यांनी ओळखले. मात्र ओळख पटली तरी हाती उपाय नव्हता.

उपायाचा एक धागा हाती आला तो युद्धकाळात. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसे अन्नावर आणावे, हे त्यांना शोधायचे होते. या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले. पण आम्हांला विशेष वाटते ते वेगळेच. धडधाकट मनाचे हे पुरुष रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेका घासावर तास घालवू लागले, ताटे चाटू लागले, चित्तवृत्तीने उदास झाले. म्हणजे उपासमार स्वतःच मनाला चळ लावते. आधी मंत्रचळ असेल तर ती त्याला तेल घालते. भुकेल्या मनाशी वाद घालून उपयोग नाही. त्याला आधी अन्न हवे. मात्र फार दिवसांच्या उपाशी शरीरात एकदम अन्न ढकलणे जिवावर बेतते, म्हणून ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

दुसरा धागा मंत्रचळाच्या बाजूने आला. हा विकार सावकारासारखा वागतो. हात धुतले की घटकाभर सुटका वाटते. ती सुटका म्हणजेच नवे कर्ज, आणि पुढच्या खेपेस व्याजासह धुवावे लागते. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी हे व्याज देणेच थांबविले. हात धुण्याच्या चळाने बेजार झालेल्या एका शिक्षिकेच्या खोलीतील नळ बंद करण्यात आले. ज्या वस्तूंची तिला धास्ती होती, त्यांना तिने हात लावायचा आणि धुवायचे नाही. परिचारिका तिच्या सोबत राहत. भीती चढली आणि न धुताही हळूहळू ओसरली. भीतीला सामोरे जाणे आणि कृती रोखणे, ही रीत तेथून रुजली. आज मंत्रचळावरील उपचारांत तिचे स्थान अग्रभागी आहे. त्याच्या जोडीला औषधेही आहेत. फ्लुओक्सेटिन मंत्रचळावर आणि खाऊन ओकण्याच्या विकारावर उपयोगी पडते. उपासाने खंगलेल्याचे वजन मात्र त्याने वाढत नाही. तेथे भाकरीला पर्याय नाही.

तिसरा धागा घरातूनच आला. १९८७ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील रसेल, आयझ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आईबापांना बाहेर काढले नव्हते. मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी त्यांच्याच हाती दिली होती. दुखणे कोवळ्या वयात जडलेले आणि तीन वर्षांच्या आतले असेल, तर याचा गुण चांगला येतो, असे दिसले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना वाईट शुश्रूषक ठरविले, ते आता उपचारकांचे सोबती झाले. दोष देऊन जे झाले नाही, ते काम वाटून दिल्याने झाले.

हे तिन्ही धागे एकत्र वळले गेले पाहिजेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका रुग्णालयातील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे दोन्ही विकार असलेल्या ५६ रोग्यांवर एकाच ठिकाणी, एकाच वेळी उपचार झाले. धास्तीच्या वस्तूंबरोबर धास्तीचे पदार्थही समोर ठेवले गेले, आणि दोन्ही विकार उतरले. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. पण दिशा कळते. नुसते जेवू घातले, तर चळ ताटात शिरतो: भाकरीचे सारखे सोळा तुकडे झाल्याशिवाय घास उचलत नाही. नुसता चळ हाताळला, तर भूक तो पुन्हा पेटविते.

आमच्या संघटनेतील एका विडी कामगार बाईंची मुलगी अशीच होती. एके ठिकाणी तिला पोटाचे औषध मिळाले, दुसरीकडे न धुण्याचा उपदेश, तिसरीकडे लग्न उरकण्याचा सल्ला. आईचे रोज बुडत राहिले. हजार विड्या वळल्याशिवाय पुरते दाम हाती पडत नाहीत, हे येथे कोणाला सांगायला नको. अखेर एका डॉक्टरांनी तिला साधा प्रश्न विचारला: ‘हे खाल्लेस तर काय होईल असे वाटते?’ वजन वाढेल असे उत्तर येईल, अशी सर्वांची समजूत होती. ती म्हणाली, ‘भाकरीला विटाळ लागलाय.’ तेथून दोन्ही गाठी एकत्र सुटू लागल्या. आज ती शिवणकाम करते. हात अजून थोडे जास्त धुते, पण आईच्या ताटात जेवते.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला जात नाही, कारण न खाण्याला इतर नावे मिळतात: उपवास, पित्त, सोवळे, नजर. हाँगकाँगचे डॉ. सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की तेथील अनेक रोगी लठ्ठपणाचे भय सांगतच नव्हते. पोट भरल्यासारखे वाटते, एवढेच म्हणत. आमचा उपवासाला विरोध नाही. उपवास सोडता येतो. जो सोडू म्हटले तरी सुटत नाही, तो विकार होय.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग १९३८ साली निघाला. १९६३ साली आपल्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरविला. २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. दारे आहेत, पण एका दारात वजन आणि दुसऱ्या दारात मन, अशा दोन रांगा लावल्या तर रोजावर जगणारी आई दोन्हीकडून परतते. टेंपलच्या काळात मजुरांनी भुकेचे माप स्वतः सांगितले होते. आपणही तेवढेच मागावे: दोन विकारांचा माणूस एक आहे, त्याला रांगही एकच असावी.