दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९

दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा ब्रिटिश हिंदुस्थानात १८७९ साली संमत झालेला १७ व्या क्रमांकाचा कायदा होय. तो ‘डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट’ या मूळ नावानेही ओळखला जातो. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत अमलात आला. कर्जबाजारी शेतकऱ्याला तुरुंगवासापासून संरक्षण देणे, सावकारी हिशेबांची न्यायालयीन तपासणी करणे आणि शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्याचा मार्ग उपलब्ध करून देणे, ही त्याची मुख्य अंगे होती.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदी कापसाला मोठी मागणी आली. भाव चढले आणि शेतकऱ्याची पतही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मात्र राहिले. त्यातच १८६७ पासून पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात फेरपाहणीनंतर शेतसारा वाढविण्यात आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोख्यावरील दाव्याला सामान्यतः तीन वर्षांचीच मुदत होती. ती संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. त्यामुळे मूळ रक्कम किती, हे पुष्कळदा शेतकऱ्यालाच कळत नसे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. निमोणे व न्हावरे ही गावेही याच तालुक्यातील. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला. हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते; आजचे दौंड व बारामती हे तालुके मुख्यतः त्याच प्रदेशात येतात. उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तेहतीस ठिकाणी पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. कर्जरोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा त्यांचा हेतू होता. ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांना शिक्षा झाली. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगा आयोगाच्या चौकशीतून पुढे या कायद्याची निर्मिती झाली.

प्रमुख तरतुदी

* पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी शेतकऱ्याला अटक वा कैद करता येणार नाही.
* विशेषत्वाने गहाण न दिलेली जमीन जप्त करून विकता येणार नाही. कुटुंबाच्या निर्वाहाला लागणारी जमीन वगळून उरलेली जमीन जास्तीत जास्त सात वर्षे जिल्हाधिकाऱ्याच्या व्यवस्थेखाली देता येईल.
* न्यायालयाने केवळ रोख्यावर न विसंबता व्यवहाराचा आरंभापासून इतिहास तपासावा. शिल्लक मुद्दलापेक्षा अधिक व्याज देववू नये.
* पन्नास रुपये वा त्याहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला स्वतःस नादार जाहीर करून घेण्यासाठी अर्ज करता येईल.
* तडजोडीसाठी सलोखाकार नेमावेत आणि दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर लिहिले जावेत.

अंमलबजावणी व परिणाम

कनिष्ठ न्यायालयांच्या निर्णयांवर देखरेख ठेवण्यासाठी विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हे पद भूषविले. कायद्याच्या परिणामांची चौकशी १८९१–९२ मध्ये आयोगामार्फत झाली.

तुरुंगाचे भय दूर झाले आणि फुगविलेल्या हिशेबांना आळा बसला. नादारीच्या तरतुदीचा वापर मात्र फारच थोडा झाला. शेतकऱ्याला पुढील पेरणीसाठी पुन्हा त्याच सावकाराकडे जावे लागे. तेव्हा नादारी पत्करणे म्हणजे उधारीचे दार स्वतःच लावून घेणे होते. दुसरीकडे, सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. म्हणून पुढे दुरुस्ती करून, कागदावर खरेदी दिसत असली तरी व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याचा अधिकार न्यायालयाला देण्यात आला.

महत्त्व

कायद्याने जुने कर्ज तपासले, पण नवे कर्ज कोठून मिळेल, हा प्रश्न तसाच राहिला. १८८३ व १८८४ चे तगाईविषयक कायदे आणि १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा हे त्या दिशेचे पुढील प्रयत्न होत. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेमुळे कंपन्यांच्या थकीत कर्जांची सोडवणूक कालबद्ध झाली. कर्जबाजारी शेतकऱ्याने मात्र सन्मानाने नवा आरंभ कसा करावा, हा शिरूर व भीमथडीत उभा राहिलेला प्रश्न आजही चर्चेत आहे.