मोडीचे दप्तर आणि संगणकाचे दप्तर

एखाद्या गावाचे दप्तर नष्ट कसे होते, असे कोणी विचारले तर आपण आग, पूर आणि वाळवी ही तीन नावे घेतो. कृष्णाकाठच्या माणसाला त्यांतले पुराचे नाव आधी आठवते. २००५ आणि २०१९ साली पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हा कित्येक घरांतील व संस्थांतील कागद चिखलात गेले. परंतु दप्तर जाण्याचा चौथाही एक मार्ग आहे आणि तो फार शांतपणे येतो. कागद शाबूत असतो, अक्षर शाबूत असते. वाचणारा तेवढा उरत नाही. या चौथ्या मार्गाविषयी आज आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हा विषय नवा नाही. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात शिक्षक होते. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे वाचून, त्यांची बालबोधीत नक्कल करून त्यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापण्यास आरंभ केला, आणि १९२४ साली देह ठेवीपर्यंत ते काम सोडले नाही. इकडे वाईस सापडलेल्या पत्रांतून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. या दोघांच्या श्रमांना आपण वंदन करतो ते योग्यच आहे. पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. त्यांच्या काळी मोडी वाचणे ही विद्वत्ता नव्हती. तलाठी, कारकून, सावकाराचा मुनीम या सर्वांना मोडी येत होती. दप्तर शोधणे कठीण होते, ते मिळवणे त्याहून कठीण. वाचणे मात्र त्या मानाने सोपे होते.

पुढे चित्र पालटले. छापखान्याने बालबोध पसंत केली, शाळांनी छापखान्याचे अनुकरण केले, आणि १९५० च्या सुमारास मोडी सरकारी कारभारातून व अभ्यासक्रमातून गेली. मोडी कोणी जाळली नाही. ती शिकवणे थांबले, इतकेच. त्यानंतर दोन पिढ्यांत अशी वेळ आली की आजोबांचे खरेदीखत नातवाच्या हातात आहे आणि ते वाचून घेण्यासाठी त्याला जाणकार शोधावा लागतो.

आता दुसऱ्या दप्तराकडे वळू. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे मोठे काम तेथे झाले. मागोमाग 'श्रीलिपी', 'आकृती' यांसारखी खाजगी उत्पादनेही कचेऱ्यांत आणि छापखान्यांत शिरली. टंकलेखन यंत्रावर बसलेला हात या मंडळींनी ओळखला होता. म्हणून जुन्या यंत्राचाच कळफलक त्यांनी संगणकावर उपलब्ध करून दिला, आणि कारकुनाला नव्याने बोटे वळवावी लागली नाहीत. साखर कारखाने, पतसंस्था, वाचनालये, शिक्षणसंस्था यांचे मराठी कामकाज त्यावर वर्षानुवर्षे चालले.

यात एक मेख होती. त्या काळच्या संगणकात एका वेळी अक्षरांसाठी २५६ घरे असत. ती घरे मुळात इंग्रजी अक्षरांसाठी मांडलेली. मराठी फाँट करणाऱ्यांनी काय केले, तर त्याच घरांत काना, वेलांटी, अर्धा क, रफार अशी अक्षरांची चित्रे नेऊन बसवली. पडद्यावर मराठी दिसे. पण यंत्राच्या पोटात साठवली जात ती त्या घरांची जुनीच नावे. आणि प्रत्येक कंपनीने आपला बिऱ्हाडपट निराळा मांडला. एकाच्या घरात काना, तर दुसऱ्याच्या त्याच घरात उकार! तो फाँट असेल तोवर मजकूर मराठी. तो नसेल तर इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी.

भारत सरकारच्या 'इस्की' या प्रमाणसंहितेने (१९९१) आणि तिच्यावर आधारलेल्या युनिकोडमधील देवनागरीने हा गोंधळ मिटवण्याचा मार्ग दाखवला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. तो साताऱ्यात बदलत नाही आणि सिंगापुरातही बदलत नाही. परंतु २००० साली विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय येईपर्यंत, आणि आल्यावरही बरीच वर्षे, आपली दप्तरे जुन्याच पद्धतीने भरत राहिली.

दरम्यान यंत्रे बदलली. विंडोज एक्सपीचा सांभाळ तिच्या कंपनीने २०१४ साली थांबवला, विंडोज सातचा २०२० साली, दहाचा २०२५ साली. जुन्या सोळा बिटी बांधणीचे कार्यक्रम नव्या चौसष्ट बिटी विंडोजवर सुरूच होत नाहीत. काही कार्यक्रमांना संगणकाच्या पाठीमागे एक कुलूपवजा खुंटी लावावी लागे. ती खुंटी जेथे बसवायची तो खाचाच नव्या यंत्राला नसतो.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहा. आमच्या परिचयाच्या एका गृहनिर्माण संस्थेत एका दिवंगत सभासदाच्या मुलीने १९९८ सालच्या ठरावाची प्रत मागितली. घर आईच्या नावे झाले होते की नाही, हे त्या ठरावावर अवलंबून होते. सह्यांचे पुस्तक पुरात गेले होते. संगणकातील फाइल उघडली, तर कंस, टिंबे आणि रोमन अक्षरे! चिटणिसांनी ती 'खराब झाली' असे सांगितले. फाइल खराब झालेली नव्हती. निवृत्त कारकुनाला घरून बोलावले, त्यांनी फाँटचे नाव सांगितले, तो फाँट मिळवून यंत्रात घातला, आणि ठराव जसाच्या तसा समोर उभा राहिला. कारकून हयात नसते तर?

अशा वेळी तीन उपाय आहेत. पहिला, जुने यंत्र जपून ठेवणे. तो यंत्राच्या आयुष्यापुरता. दुसरा, नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचा आभास निर्माण करून त्यात जुना कार्यक्रम चालवणे. हा चांगला उपाय आहे, पण तो वाचनासाठी आहे, संसारासाठी नव्हे. तिसरा उपाय खरेशास्त्र्यांचा: नक्कल करणे. जुन्या फाँटमधील मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा, मूळ फाइल जपावी, आणि जाणत्या माणसाने दोन्ही ताडून पाहावीत. परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारांत चुकतो. त्याच्यावर सही करणारा माणूसच हवा.

मिरजेत १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. पान जितके, पत्रे तितके. तो पत्रा दुसरे काही छापू शकत नसे. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपुरास कॅरे यांचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले, आणि पुढचा काळ खिळ्यांचा ठरला. पत्र्यांची ती रीत मेली. ती गीता मात्र आजही वाचता येते, कारण तिचे अक्षर सर्वांचे होते. आपल्या संगणकी दप्तराचे अक्षर सर्वांचे नव्हते, ते एकेका दुकानाचे होते. हा फरक आहे.

आणि योगायोग असा की, २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये स्वतःची घरे मिळाली. जी लिपी आपण गेलेली समजत होतो तिला क्रमांक मिळाले. पंचवीस वर्षांपूर्वी आपणच टंकित केलेले ठराव मात्र बेवारस पडून आहेत. मोडीच्या वेळी आपण उशीर केला, कारण वाचणारे नेहमीच असतील असे वाटले. या वेळी ज्यांनी ते कागद टंकित केले ती माणसे अजून आपल्या गावात आहेत, सकाळी फिरावयास जाताना भेटतात. आपल्या संस्थेच्या पुढच्या सभेत त्यांतील एकाला बोलावून जुनी कपाटे आणि जुनी यंत्रे उघडावीत, एवढीच श्रोत्यांना आमची विनंती आहे.