चोवीस व्होल्ट आणि अर्थिंगची एक वायर

'स्रोत' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पत्रं, दफ्तरं, जुनी वर्तमानपत्रं येतात. तांत्रिक मानकं इतिहासाचा स्रोत म्हणून फारसं कुणी वाचत नाही. पण ती वाचावीत, असं मला वाटतं. का, ते एका उदाहरणातून बघू.

कारखान्यातल्या कंट्रोल पॅनलमध्ये २४ व्होल्ट डीसीचा पॉवर सप्लाय असतो. तो बसवताना त्याच्या ० व्होल्टच्या टर्मिनलपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत सहसा एक वायर जोडतात. ही वायर काढली तरी मशीन व्यवस्थित चालतं. मग ती कशासाठी?

थोडं मागे जाऊ. १९६० च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांत यंत्रांचं नियंत्रण रिलेंच्या पॅनलवर चाले. मॉडेल बदललं की वायरिंग नव्याने करायचं. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने याला पर्याय मागितला आणि १९६९ मध्ये डिक मोर्ली व सहकाऱ्यांचा 'मॉडिकॉन ०८४' तिथे पोचला. पीएलसीच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी हे एक. रिलेंचं तर्कशास्त्र प्रोग्रॅममध्ये गेलं, पण स्टॉप बटणाच्या आणि काँटॅक्टरच्या वायरी तशाच तेलातून, कंपनांतून, पत्र्याच्या कडांवरून जात राहिल्या. इन्सुलेशन घासलं की वायर पत्र्याला लागते. ही अडचण पीएलसीपेक्षा जुनी आहे.

आता समजा, ० व्होल्ट अर्थ केलेलं नाही. प्लसची वायर एका ठिकाणी पत्र्याला लागली. काहीच होत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. काही महिन्यांनी स्टॉप बटणापासून कॉइलकडे जाणारी वायरही पत्र्याला लागली. आता कामगाराने स्टॉप दाबलं तरी करंट पत्र्यातून कॉइलकडे जातो. मशीन थांबत नाही. २४ व्होल्टचा झटका सहसा जीव घेत नाही, पण न थांबलेलं मशीन घेऊ शकतं.

० व्होल्ट अर्थ केलेलं असेल, तर पहिल्याच दोषाला शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडतो आणि मशीन थांबतं. अट एकच: बटण प्लसच्या बाजूला हवं आणि कॉइलचं दुसरं टोक थेट ० व्होल्टला. आयईसी ६०२०४-१ या मानकातलं कलम हेच सांगतं: अर्थ फॉल्टमुळे मशीन आपोआप सुरू होऊ नये आणि थांबवताना अडू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. फ्यूज उडेल, हे गृहीतक आहे. जुना ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाल्यावर भरपूर करंट द्यायचा. आजचा एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी करंट आवरतो. ६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला ३० ते ६० अँपिअर लागू शकतात, डीसीवर त्याहूनही जास्त. १० अँपिअरचा सप्लाय लांब, बारीक वायरीच्या टोकाशी तेवढे देईलच असं नाही. एमसीबी पडत नाही, वायर मात्र तापत राहते. म्हणून आता प्रत्येक शाखेला इलेक्ट्रॉनिक फ्यूज लावण्याची पद्धत वाढली आहे. नियम जुनाच राहिला, त्याच्याखालचं यंत्र बदललं.

तुमच्यासाठी यात संशोधनाची एक पद्धत आहे. कोणतंही कलम हाती आलं की तीन प्रश्न विचारा. हे कलम कोणता अपघात टाळतंय? तो टळण्यासाठी कोणती गोष्ट गृहीत धरली आहे? आणि ती गोष्ट आज खरी आहे का? मग त्याच मानकाच्या १९९७, २००५ आणि २०१६ च्या आवृत्त्या शेजारी ठेवा आणि तेच कलम ओळीने वाचा. कुठला शब्द आला, कुठला गेला, याची नोंद करा. प्रबंधाचा प्रश्न बऱ्याचदा त्या बदललेल्या शब्दाजवळच सापडतो.