संयुक्त ‘मानापमाना’ची रात्र

आवडत्या गायकांचा संच फुटावा, वर्षानुवर्षें त्यांनीं एकमेकांचें तोंड पाहूं नये, आणि मग एके दिवशीं ते पुन्हा एका रंगमंचावर उभे राहणार अशी वार्ता यावी, म्हणजे चाहत्यांची काय अवस्था होते तें आजच्या तरुण पिढीस सांगावयास नको. लंडन येथें १० डिसेंबर २००७ रोजीं लेड झेपेलिन हा विख्यात वाद्यवृंद एका रात्रीपुरता एकत्र आला, तेव्हां वीसेक हजार जागांसाठीं जगभरांतून लक्षावधि अर्ज गेले. २००९ सालीं भांडून विभक्त झालेले ओअ‍ॅसिसचे गॅलाघर बंधु २०२५ च्या जुलैंत पुन्हा एकत्र गाऊं लागले, तेव्हांही तोच प्रकार. अशा बातम्या वाचतांना मराठी वाचकाच्या मनांत एका जुन्या रात्रीचें स्मरण जागें होतें. शुक्रवार, ८ जुलै १९२१. स्थळ, मुंबईचें बालीवाला थिएटर. नाटक, खाडिलकरांचें ‘संगीत मानापमान’. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व.

एक भेद मात्र आरंभींच सांगितला पाहिजे. तिकडे फुटलेलें जुळलें. इकडे जें कधींच जुळलेलें नव्हतें तें एकत्र आलें. पण चाहत्याच्या हुरहुरीची जात एकच.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हे किर्लोस्कर मंडळींत वाढले. ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं प्रथम रंगभूमीवर आलें तें त्याच मंडळींत. गोविंदराव टेंबे यांनीं त्यांतील पदांना उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या आणि नाट्यसंगीताचा रंगच पालटला. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे यांनीं किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. केशवराव भोसल्यांचा मार्ग निराळा. ते कोल्हापूरचे, स्वदेशहितचिंतक मंडळींत बालवयांतच ‘शारदा’ करून त्यांनीं नांव मिळविलें, आणि १९०८ च्या आरंभीं हुबळीस ललितकलादर्श स्थापन केली तेव्हां त्यांचें वय अठराही नव्हतें. गाण्याच्या तालमीही भिन्न. एकाचे गुरु भास्करबुवा बखले, दुसऱ्यास रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम. एकाच्या गळ्यांत शब्दाला कुरवाळणारें लाघव, दुसऱ्याच्या गळ्यांत उंच स्वरावर झेप घेणारी, नाट्यगृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत लख्ख पोंचणारी तान.

मग महाराष्ट्रांत दोन पक्ष पडले नसते तरच नवल! बालगंधर्वांचें लुगडें नेसणें, केशरचना, अलंकार यांचें अनुकरण सुशिक्षित घरांतून होत असे. केशवरावांचे भक्त त्यास नखरा म्हणत. उलट बाजूचे लोक केशवरावांच्या गाण्यास आरडाओरड म्हणावयास कमी करीत नसत. यांतील पुष्कळशा पंडितांनीं प्रतिपक्षाचें नाटक पैसे देऊन एकदां तरी ऐकलें होतें कीं नाहीं, याची आम्हांस शंकाच आहे. चाहत्याचें प्रेम असेंच असतें. त्याला प्रतिस्पर्धी हवाही असतो, आणि त्याचा पाडाव व्हावा अशीही इच्छा असते.

अशा स्थितींत दोघे एकत्र आले कसे? दोन नाटक मंडळ्या म्हणजे दोन संसार. प्रत्येकीवर नट, वादक, आचारी, सामानवाहक अशा कितीकांचें पोट अवलंबून. मालकाची कीर्ति हेंच मंडळीचें भांडवल. तें एका रात्रींत, तेंही विरुद्ध पक्षाच्या समक्ष, पणास कोण लावणार? शिवाय ‘कोण कोणाकडे गेला’ हा प्रश्न होताच. त्याचें उत्तर टिळक स्वराज्य फंडानें दिलें. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले. पुढील वसंतांत बेझवाडा येथें काँग्रेसच्या महासमितीनें एक कोटि रुपयांचा हा फंड ३० जून १९२१ पर्यंत जमविण्याचें ठरविलें. या कार्यासाठीं जो येईल तो लोकमान्यांकडे आला, प्रतिस्पर्ध्याकडे नव्हे. मान कोणाचाच गेला नाहीं. नाटककार खाडिलकर तर टिळकांचे जवळचे अनुयायी. तेव्हां नाटकाची निवडही औचित्याची.

केशवरावांच्या बाबतींत यांत आणखी एक मर्म आहे, व त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वेदोक्त प्रकरणापासून शाहू छत्रपति व टिळक यांच्यांत उघड वैर होतें. शाहू महाराजांचा दोघांही नटांवर लोभ असला, तरी केशवराव कोल्हापूरचेच. महाराज त्या वेळीं हयात होते. तरीही तो कोल्हापूरचा गवई टिळकांच्या नांवाच्या फंडासाठीं मुंबईस उभा राहिला.

आतां तारखेकडे पाहा. प्रयोग झाला तेव्हां फंडाची मुदत उलटून आठवडा लोटला होता. म्हणून पुढच्या जागेस शंभर रुपयांपर्यंत दर असूनही लोकांनीं जी झुंबड केली, ती केवळ देशभक्तीची होती असें म्हणणें कठीण. देशकार्यानें दार उघडलें. आंत गर्दी केली ती रसिकतेनें आणि, स्पष्टच बोलावयाचें तर, पक्षाभिमानानें.

‘मानापमाना’ची कथा या प्रसंगास किती जुळणारी! धनिकाची कन्या भामिनी गरीब सेनापति धैर्यधराचा अव्हेर करते. तोही उलट तिचा अपमान करतो. आणि वेष पालटून वनमाला झालेल्या तिला हळूहळू त्याची योग्यता कळते. मात्र दोघे ‘एकत्र गायिले’ असें जें म्हटलें जातें, त्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. आपल्या संगीत नाटकांत पदें बहुतेक एकेकट्याचीं. एकानें गावें, दुसऱ्यानें भूमिकेंत राहून ऐकावें, हीच त्या रात्रीची खरी परीक्षा. गाणें दोघांनाही येत होतें. ऐकतांना धैर्यधरानें धैर्यधर राहणें व भामिनीनें भामिनी राहणें अधिक कठीण. प्रेक्षकांचीही तीच परीक्षा. गंधर्वपक्षीयांस केशवरावांचें प्रत्येक पद शेवटपर्यंत ऐकणें भाग पडलें, आणि केशवरावांच्या भक्तांस बालगंधर्वांचें. एरव्हीं हें कोणत्या युक्तिवादानें साधलें असतें?

त्या प्रयोगाचें ध्वनिमुद्रण नाहीं, असणें शक्यही नव्हतें. विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण करण्याची पद्धति १९२५ च्या सुमारास आली. तत्पूर्वीं कर्ण्यासमोर तोंड धरून तीनेक मिनिटांत पद आटोपावें लागे. म्हणून कोण जिंकलें हा वाद कधींच मिटला नाहीं, आणि ती रात्र ‘ऐकलेल्या’ मंडळींची संख्या मात्र बालीवाला थिएटरच्या भिंतींत मावणार नाहीं इतकी फुगत गेली. नाट्यदृष्ट्या तो प्रयोग आदर्श झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. प्रत्येक पदाची मनांत तुलना चालली असतां कथानकाकडे लक्ष कोणाचें राहणार! पण तेवढ्यावरून त्याचें महत्त्व कमी होत नाहीं.

मागाहून ‘सौभद्रा’चाही असाच संयुक्त प्रयोग झाला, आणि पुढें संयुक्त नाटकांची एक प्रथाच पडली. परंतु ही जोडी त्यांत राहिली नाहीं. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, त्या ‘मानापमाना’नंतर ८८ दिवसांनीं, विषमज्वरानें केशवराव वारले. वय अवघें एकतीस. ललितकलादर्शाची धुरा बापूराव पेंढारकरांनीं उचलली. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरास केशवरावांचें नांव देण्यांत आलें. त्या नाट्यगृहास ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, आग लागली. बालगंधर्वांची भामिनी पुढें कित्येक वर्षें रंगभूमीवर वावरली; तिच्यासमोरचे धैर्यधर बदलत गेले.