वंशावळ : घरची आणि हातची



वंशवृक्ष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भोसल्यांचे आणि पेशव्यांचे तक्ते उभे राहतात. माझ्या घरी गेल्या दिवाळीत जो वंशवृक्ष झाला तो पुठ्ठ्यावर आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर झाला. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातून. तेव्हा पंडिताचे व्याख्यान ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आपल्याकडे वंशावळ हौसेने क्वचितच लिहिली गेली. ती लिहिली गेली भांडणासाठी. पाटीलकीचा वा कुलकर्णाचा तंटा गोतसभेपुढे आला, म्हणजे दोन्ही पक्ष आपापला करीना मांडीत : मूळपुरुष कोण, त्याला पुत्र किती, थोरले घर कोणते, धाकटे कोणते. निवाड्याचा महजर झाला की पाटील त्यावर नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची. इतिहासाचार्य राजवाड्यांनी असले कागद गावोगाव हिंडून मिळविले आणि 1898 पासून छापावयास घेतले, म्हणून ते आपल्याला ठाऊक तरी आहेत. पण त्यांत एक गोम आहे. ज्याला वतन त्याला वंशावळ. ज्याच्याजवळ भांडण्यासारखे काही नव्हते, त्याचा पणजोबा कागदावर यावा कसा? त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या आहेत, कोल्हापूर-सांगलीकडे घरोघर येऊन पिढ्या सांगणारे हेळवी आहेत. पण तीर्थयात्रेला जो कधी गेलाच नाही, ज्याच्या दारी हेळव्याचा बैल आला नाही, त्याचे काय?

माझे आजोबा असेच. रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने मुंबईस आले आणि एका गिरणीच्या साचेखात्यात बदली म्हणून लागले. मुंबईची पहिली कापडगिरणी 1856 साली चालू झाली. तेव्हापासून पुढे शंभर वर्षे कोकणातली आणि घाटावरची माणसे तशीच येत राहिली. गिरणीच्या दप्तरात आजोबा म्हणजे एक तिकीट नंबर. आजीचा तर नंबरही नाही. चाळीतल्या एका खोलीत ती बिऱ्हाड नसलेल्या पुरुषांची खाणावळ चालवी. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजीच्या पंगतीतले कित्येक उधारी ठेवून गावी गेले ते परतलेच नाहीत. त्या संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले आहे, उधारीविषयी थोडे.

आता घरची गोष्ट. मुलीला शाळेसाठी वंशवृक्ष करून न्यावयाचा होता. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली; कसर लागू नये म्हणून बाइंडर लोक घालतात तसा चिमूटभर मोरचूद घातला (तो विषारी असतो, म्हणून ते भांडे मुलांपासून दूर ठेवले). माणसागणिक एक चिठ्ठी केली, एका पिढीच्या चिठ्ठ्या एका ओळीत टाचणीने लावल्या. आधी चिकटवायचे नाही, कारण नावे निघत जातात आणि जागा सरकवाव्या लागतात. लग्नपत्रिका या कामी फार उपयोगी; निमंत्रकांच्या यादीत दोन-तीन पिढ्या सहज सापडतात. सापडतात ते बहुधा पुरुष.

बायकांपाशी आम्ही अडलो. लग्नात नाव बदलण्याच्या आपल्या चालीमुळे एकाच बाईची दोन नावे, त्यांतले माहेरचे पुसलेले. पणजीचे नाव मला येत नव्हते. म्हणून डोंबिवलीहून आत्याला बोलावले. ती सत्त्याहत्तर वर्षांची. तिने बसल्या बसल्या चौघीजणींची दोन्ही नावे सांगितली, कोणत्या वाडीतून आल्या तेही सांगितले. मग चिठ्ठ्यांकडे पाहून म्हणाली, "ह्यात मी आहे होय? कागदावर नव्हते म्हणून विचारते."

मंडळी, तो कागद मी लिहिलेला होता. आजोबांच्या नावचे गावाकडचे परडे, 1999 साली केलेला वारसनोंदीचा अर्ज. वंशावळ माझ्या हातची, आणि तीत आजोबांना दोनच मुलगे. मुलगी बापाची वारस असते हे 1956 च्या कायद्याने ठरलेले. ते मला तोंडपाठ होते, इतरांचे असे अर्ज मी लिहून देत असे. वडील म्हणाले, ती कुठे येणार आहे भांडायला. आणि मी ते ऐकले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी 2012 साली पहिली सोडत निघाली, तेव्हा वारसांचे कागद तपासताना बहिणींची नावे गाळलेली दिसली की मी लोकांवर ओरडत असे.

दिवाळी सरल्यावर मी तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज दिला. निकाल यावयाचा आहे. आत्या म्हणते, परडे तुझे तुला राहू दे, नाव तेवढे लाव.

तक्ता पुरा करताना महजराची रीत आठवून आम्ही प्रत्येकापुढे निशाणी काढली. आजोबांना धोटा, वडिलांना पाना. आजीपुढे मुलगी पळी काढू लागली, तेव्हा आत्याने तिचा हात धरला. आजीला लिहिता येत नसे; कोण किती वेळा जेवला हे ती भिंतीवर कोळशाने मांडी. म्हणून तिच्या चिठ्ठीवर आम्ही चार उभ्या रेघा काढल्या आणि पाचवी आडवी.